पहिला अकूस्टिक अल्बम स्वतःच्या हिमतीवर: गाण्यांच्या वहीपासून रॉयल्टीपर्यंत

गिटार, एकतारी आणि गळा एवढ्या भांडवलावर स्वतःची गाणी करणारे बरेच जण हल्ली भेटतात. शब्द त्यांचे, चाल त्यांची, मधेच एखादी जात्यावरची ओवी किंवा गवळणीची ओळ. कार्यक्रम संपला की कुणीतरी विचारतं, "हे कुठे ऐकायला मिळेल?" आणि सांगायला काही नसतं. पाठीशी म्युझिक कंपनी नसताना असा पहिला अल्बम कसा काढायचा, हे मी माझा अल्बम करताना याला त्याला विचारत शिकले. ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. नवीन माणूस सगळा जीव रेकॉर्डिंगच्या दिवसात ओततो. पण एक गिटार आणि एक आवाज असलेल्या अल्बममध्ये झाकायला काहीच नसतं. पट्टी चुकलेली असेल, ढोलकी सुरात नसेल, शब्द कुणाचे हेच ठरलेलं नसेल, तर पुढे कितीही पैसे घातले तरी ते निस्तरत नाही. म्हणून पहिल्या तीन पायऱ्यांना सगळ्यात जास्त वेळ द्या.

१. वही करा आणि प्रत्येक गाण्याची कुंडली लिहा

ॲपल म्युझिक आणि स्पॉटिफायच्या हिशेबात सात किंवा जास्त गाणी असली, किंवा एकूण वेळ ३० मिनिटांच्या वर गेला, की तो अल्बम. चार ते सहा गाणी ३० मिनिटांत बसत असतील तर तो ईपी. पहिल्यांदा आठ गाणी पुरेत. हाताशी बारा असतील तरी आठच घ्या, उरलेली मुरू द्या.

आता एक साधी वही घ्या आणि प्रत्येक गाण्यासाठी एक पान ठेवा. त्यावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा: शब्द कुणाचे? चाल कुणाची? माझ्या वहीतलं एक पान असं आहे: "गाणं ४. शब्द: पहिल्या दोन ओव्या पारंपरिक, आजीच्या तोंडून, ता. मुळशी, पुढची तीन कडवी माझी. चाल: माझी. साथ: गिटार, दिमडी." एवढ्या चार ओळी पुढे वितरकाच्या (गाणी ॲप्सवर चढवून देणाऱ्या कंपनीच्या) फॉर्मपासून रॉयल्टीच्या नोंदणीपर्यंत सगळीकडे लागतात.

लोकसंगीताच्या अल्बममध्ये सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांवर आणि चालीवर वेगवेगळा हक्क असतो आणि तो कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले, ते सर्वांचे आहेत. पण तोच अभंग तुम्ही लहानपणापासून ज्या चालीत रेडिओवर ऐकला, ती चाल बहुधा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते आणि तिच्यावर त्याच्या वारसांचा किंवा कंपनीचा हक्क असतो. "अभंग आहे, कुणाचा कसला हक्क" असं म्हणत ती चाल गायलात, तर यूट्यूबवर गाणं चढल्या चढल्या दावा येऊ शकतो. अभंग घ्यायचा असेल तर स्वतः चाल बांधा. नाहीतर वारकरी भजनातली खरोखर जुनी, सगळ्या दिंड्यांमध्ये म्हटली जाणारी चाल घ्या, आणि ती कुणाकडून शिकलात ते वहीत लिहा.

दुसऱ्या कुणाचं आधीच निघालेलं गाणं नव्याने गायचं असेल, तर कायद्यात कव्हर व्हर्जनची तरतूद आहे, कलम ३१सी. पण पहिलं रेकॉर्डिंग झालेलं वर्ष संपल्यावर पुढची पाच वर्षं थांबावं लागतं आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. आपल्यासारख्यांना ते परवडणारं नाही. हक्कधारकाकडून थेट लेखी परवानगी घ्या, नाहीतर ते गाणं मैफलीपुरतं ठेवा.

ओव्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हा विषय माझ्या जवळचा आहे. "पारंपरिक" असं लिहून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. पण जात्यावर बसलेल्या बाईने पुष्कळदा स्वतःची ओवी तिथल्या तिथे रचलेली असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. आपणही तेच करायला हवं. ओवी घरातली असेल तर आजीचं, मावशीचं नाव श्रेयात द्या. संग्रहातली असेल तर आधी संग्रहाच्या अटी वाचा, परवानगी मागा, आणि गाणारीचं नाव गाण्याच्या माहितीत छापा. ती बाई किंवा तिचं कुटुंब भेटण्यासारखं असेल तर भेटून विचारा. मानधन द्या. याला वेळ जातो आणि जाऊ द्यावा.

हयात कवीची कविता असेल तर फोनवरचा होकार पुरत नाही. एका पानावर लिहून घ्या: कोणती कविता, कोणत्या अल्बमसाठी, रॉयल्टीत किती वाटा, आणि शब्दांत बदल करायची मुभा आहे की नाही.

२. पैशांच्या आणि हक्कांच्या गोष्टी माइक लावायच्या आधी

मित्रच आहेत, नंतर बघू, असं म्हणत काम सुरू होतं आणि गाणं चालायला लागलं की कटकटी होतात. हे मी जवळून पाहिलं आहे. प्रत्येक गाण्यासाठी एका पानाचं वाटापत्रक करा: गीत किती टक्के, संगीत किती टक्के, कुणाचे किती, खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. संगीत संयोजन कुणी दुसरं करत असेल तर त्याला एकरकमी मानधन की संगीतात वाटा, हेही त्याच पानावर.

रेकॉर्डिंगचा म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळा. ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करून घेतलं तो कायद्याने निर्माता आणि पहिला मालक. खर्च तुमचा असेल तर निर्माते तुम्ही, पण स्टुडिओच्या बिलावर आणि वादकांच्या पावतीवर ते स्पष्ट लिहिलेलं असू द्या. "स्टुडिओ फुकट देतो, मास्टर अर्धं माझं" असा प्रस्ताव आला तर त्याची नीट किंमत करा. मास्टर म्हणजे तयार मूळ ध्वनिमुद्रण, आणि ते अर्धं पुढची ६० वर्षं जातं.

एखादी छोटी कंपनी तुमची गाणी "घेते" म्हणाली तर करारात तीन गोष्टी शोधा: किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, कोणत्या माध्यमांसाठी. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पण करारात बहुधा "कायमस्वरूपी, जगभर" असं लिहिलेलंच असतं, म्हणून वाचल्याशिवाय सही नको. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा राखून ठेवला आहे. तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (सभासदांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) यांच्याशिवाय कुणाला देता येत नाही, करारात काहीही लिहिलं तरी.

कॉपीराइटची सरकारी नोंदणी ऐच्छिक आहे. गाणं रचलं की हक्क येतोच. नोंदणी म्हणजे वाद झाला तर हातात असलेला पुरावा. शब्द किंवा संगीतासाठी प्रत्येक कृतीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे. आठही गाण्यांची करायची गरज नाही. जी दोन-तीन चालतील असं वाटतं त्यांची करा.

३. पट्टी, लय आणि डमी

गिटारवाले सी, जी, डी बोलतात. ढोलकी, पखवाज आणि पेटीवाले काळी-पांढरीत बोलतात. दोन्ही भाषा वहीत लिहा. सी म्हणजे पांढरी एक, सी शार्प काळी एक, डी शार्प काळी दोन, एफ शार्प काळी तीन, जी शार्प काळी चार, ए शार्प काळी पाच. गिटारच्या पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जीचे कॉर्ड धरलेत की तुम्ही काळी चारमध्ये आहात. हे आधी कळवणं फार महत्त्वाचं, कारण तबलजी त्या पट्टीचा तबला घेऊन येतो. काळी एकचा तबला स्टुडिओत काळी पाचपर्यंत चढत नाही. तुम्ही ऐन वेळी कॅपो दोन घरं वर सरकवलात तर त्याचा दिवस वाया गेला आणि तुमचे पैसेही.

पेटी असेल तर आणखी एक काळजी. गिटार ट्यूनरवर ए ४४० ला लागते. जुन्या पेट्या त्याहून थोड्या वर किंवा खाली असतात आणि पेटीचा सूर जागेवर बदलता येत नाही. म्हणून आधी पेटी ऐका, गिटार आणि एकतारी तिला लावा.

मग डमी करा. मोबाइलवर, घरी, फक्त गिटार आणि आवाज. आठही गाणी सलग ऐका. सगळी एकाच पट्टीत, एकाच लयीत वाटतायत का? पहिल्या अल्बममध्ये हे हटकून होतं, कारण आपला गळा जिथे सुखावतो तिथेच आपण चाली बांधतो. दोन गाण्यांची पट्टी हलवा, एखाद्या गाण्यातून गिटार पूर्ण काढून नुसती एकतारी आणि चिपळ्या ठेवा. डमी वादकांना किमान आठवडाभर आधी पाठवा.

क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर, गायचं की नाही, यावर दोन मतं आहेत. माझं मत स्पष्ट आहे: ओवी, भारूड, पोवाड्याच्या अंगाची गाणी क्लिकवर मरतात. तिथे लय श्वासाबरोबर पुढेमागे होते आणि ते तसंच हवं. अशी गाणी सगळ्यांनी एकत्र बसून, एका दमात रेकॉर्ड करा. ज्या गाण्यांवर नंतर वेगवेगळे वादक वाजवणार आहेत, त्यांनाच क्लिक लावा.

४. घरी की स्टुडिओत?

मधला रस्ता सगळ्यात चांगला: गिटार आणि आवाज घरी, चामड्याची वाद्यं स्टुडिओत. घरी करायचं तर लागणारं सामान असं:

- ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र), दोन माइक लागतील असा, ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) असलेला
- एक कंडेन्सर माइक, स्टँड आणि पॉप फिल्टर
- बंद पाठीचा हेडफोन, म्हणजे क्लिकचा आवाज माइकमध्ये शिरत नाही
- रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. रीपर स्वस्त आहे, गॅरेजबँड मॅकवर मोफत
- गिटारच्या तारांचे दोन नवे संच
- दोन वेगळ्या हार्ड डिस्क

यात खोलीचा उल्लेख नाही, पण माइकपेक्षा खोली महत्त्वाची. मोकळ्या भिंतींच्या, फरशीच्या खोलीत महागडा माइकही डब्यात गायल्यासारखा ऐकू येतो. कपड्यांनी भरलेलं कपाट, पलंगावरच्या गाद्या, दोरीवर टाकलेल्या गोधड्या, यांनी खोली शांत होते. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर बंद. आणि कॅलेंडर बघा. गणपती ते दिवाळी घरी रेकॉर्डिंग ठरवू नका. लग्नसराईत शेजारी मंगल कार्यालय असेल तर तेही नको. पावसाळ्यात ढोलकीचं कातडं सैल पडून सूर उतरतो आणि गिटारचं लाकूडही दमटपणाने फुगतं. पुण्या-मुंबईकडे जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री सगळ्यात चांगल्या.

स्टुडिओ घेताना शिफ्ट किती तासांची, त्यात माइक लावायचा वेळ धरला आहे का, रेकॉर्डिस्टचे पैसे वेगळे का, आणि सगळ्या ट्रॅकच्या सुट्या फाइल मिळतील का, हे आधी विचारा. शेवटच्या प्रश्नाला कुणी "नंतर बघू" म्हणालं तर दुसरा स्टुडिओ शोधा.

५. रेकॉर्डिंगचा दिवस

तारा आदल्या दिवशी बदला, म्हणजे त्या ताणून बसतात. माइक गिटारच्या भोकासमोर लावू नका, आवाज घुमतो. बाराव्या फ्रेटजवळ, गिटारची मान आणि खोकं यांचा सांधा येतो तिकडे रोखून, वीतभर अंतरावर लावा आणि हेडफोन लावून माइक बोटभर इकडेतिकडे सरकवत ऐका. एका जागी तारेची चमक आणि लाकडाची ऊब सारखीच ऐकू येते. ती सापडली की जमिनीवर चिकटपट्टीने स्टँडची आणि खुर्चीच्या पायांची खूण करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी आवाज तोच मिळतो.

फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. आवाजाची पातळी लाल रेषेपासून बरीच खाली ठेवा. २४ बिटमध्ये नंतर वाढवायला भरपूर जागा असते, फाटलेला आवाज मात्र जोडता येत नाही. प्रत्येक गाण्याच्या आधी अर्धा मिनिट नुसती शांत खोली रेकॉर्ड करा, मिक्सिंगमध्ये ओळींमधल्या जागा भरायला ती उपयोगी पडते.

टेक किती घ्यायचे? गळा सांगेल. कडव्याआधीचा श्वास, तारेवरून बोट सरकल्याचा हलका आवाज, हे पुसू नका. ऐकणाऱ्याला गाणारं माणूस समोर बसलंय असं त्यानेच वाटतं.

त्याच दिवशी वादकांचं मानधन द्या आणि पावतीवर सही घ्या.

६. मिक्सिंग आणि मास्टरिंग

मिक्सिंग, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवणं, स्वतः करू शकता; मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यावरचा शेवटचा हात, दुसऱ्याच्या कानांकडे द्या. देताना सांगा की मोठा आवाज नको. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) पातळीला आणून वाजवतं, त्यामुळे दाबून मोठी केलेली फाइल तिथे पुन्हा खाली येते आणि गाण्याचा चढउतार तेवढा हरवतो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डेसिबलच्या आत. बिनआवाजाच्या, म्हणजे नुसत्या साथीच्या फाइलही त्याच वेळी मागून घ्या. तयार मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर आणि रिक्षात इयरफोन लावून ऐका, आपले श्रोते असेच ऐकणार आहेत.

७. नाव, मुखपृष्ठ, तपशील

मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर फोन नंबर, संकेतस्थळ, इन्स्टाग्रामचं नाव असलं तर ते नाकारलं जातं. छायाचित्रकाराची किंवा चित्रकाराची लेखी परवानगी घ्या.

तुमच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि जन्मभर तेच ठेवा. एका ठिकाणी डबल ए, दुसरीकडे सिंगल, की दोन वेगळे कलाकार तयार होतात. तुमच्याच नावाचा दुसरा गायक आधीपासून असेल तर तुमची गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात, म्हणून आधी शोधून बघा. गाण्याची भाषा मराठी निवडा. फॉर्म कधी कधी हिंदी भरून पुढे आणतो. गीतकार, संगीतकार, वादक सगळ्यांची पूर्ण नावं द्या. इथे पहिल्या पायरीतली वही समोर ठेवा.

८. वितरक

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन यांच्याकडे थेट गाणी देता येत नाहीत, मधे वितरक लागतो. डिस्ट्रोकिड वर्षाची वर्गणी घेतं. ती थांबली आणि गाणी कायम ठेवायचे जादा पैसे भरलेले नसले तर गाणी उतरू शकतात. सीडी बेबी एकदाच शुल्क घेऊन उत्पन्नातले ९ टक्के ठेवतं. राउटनोटच्या मोफत योजनेत १५ टक्के कापले जातात. एकच अल्बम काढून दोन वर्षं गप्प बसणार असाल तर वार्षिक वर्गणी नको, एकदाच पैसे किंवा टक्केवारी बरी.

वितरक प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक देतो आणि अल्बमला बारकोड. ते वहीत उतरवा. अल्बमच्या आधी एखादं गाणं सुटं काढलंत, तर अल्बममध्ये त्याला तोच आयएसआरसी द्या. नवा दिलात तर आधीचे सगळे ऐकलेले आकडे मागे राहतात.

वितरकाच्या फॉर्ममध्ये कंटेंट आयडीची (तुमचं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत सापडलं की आपोआप दावा टाकणारी यूट्यूबची यंत्रणा) खूण करण्याआधी थांबा. गाण्यात विकत किंवा मोफत घेतलेला लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) असेल तर ती करू नका, कारण तोच लूप हजारो लोकांकडे असतो आणि तुमचा दावा त्यांच्या गाण्यांवर जाऊन पडतो.

लागणारी कागदपत्रं: पॅन, आधार, बँकेचा रद्द केलेला धनादेश, वाटापत्रकं, कवी-छायाचित्रकारांच्या परवानग्या, वादकांच्या पावत्या, आणि अमेरिकी वितरक असेल तर डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म. हा फॉर्म कंटाळून सोडू नका. त्यात पॅन भरून भारत-अमेरिका करकराराचा लाभ मागितला की अमेरिकेतल्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो. सहीच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षअखेरीस तो संपतो, मग पुन्हा भरायचा.

९. तारीख

फाइल चढवल्यापासून प्रकाशनापर्यंत किमान चार आठवडे ठेवा. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्सवर प्रकाशनाआधी एकच गाणं संपादकांकडे सुचवता येतं, आणि ते किमान सात दिवस आधी सुचवलं तर तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत येतं. आठांतलं जे गाणं पहिल्या कडव्यातच पकडतं ते द्या. ३० सेकंद ऐकलं की तिथे एक ऐकणं मोजतात, म्हणून सुरुवातीचा आलाप कापायचा सल्ला मिळेल. आलाप गाण्याचा असेल तर राहू द्या.

पहिला कार्यक्रम लहान जागी करा; पुण्यात सुदर्शन रंगमंचासारखी जागा गिटार आणि एकतारीला शोभते. दाराशी गाण्यांचे शब्द छापलेली छोटी पुस्तिका ठेवा, मागे क्यूआर कोड. लोक ती विकत घेतात, घरी नेतात. परदेशातल्या श्रोत्यांसाठी बँडकॅम्प हे गाणी थेट विकायचं संकेतस्थळ ठेवा, ते डिजिटल विक्रीत १५ टक्के घेतं आणि बाकी पेपॅलवर येतात. महाराष्ट्र मंडळांच्या मंडळींना पाठवायला तोच दुवा सोयीचा.

१०. पैसे कुठून कुठून येतात

वितरकाकडून येते ती फक्त ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला तीही मिळत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी यावर घर चालेल असा हिशेब मांडू नका.

गीतकार-संगीतकार म्हणून तुमचा वाटा वेगळा आहे आणि तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीमार्फत येतो. ही संस्था १९६९ पासून आहे. वितरकाकडे अल्बम दिला म्हणजे इथे नोंद झाली असं होत नाही. सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं त्याच्या टक्केवारीसह नोंदवावं लागतं. तुमच्या गाण्याचा सहलेखक सभासद नसेल तर त्यालाही करायला लावा, नाहीतर त्याचा वाटा अडकून राहतो. गायक आणि वादकांच्या हक्कांसाठी इस्रा ही गायकांची संस्था होती, ती आता वादकांनाही घेऊन इसम्रा झाली आहे. ढोलकीवाल्या दादांना हे सांगा. बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि जाहीर कार्यक्रमात स्वतःची गाणी गायलात की आयोजकाने आयपीआरएसचा परवाना घेतला आहे का ते विचारा, आणि त्या दिवशी गायलेल्या गाण्यांची यादी संस्थेकडे पाठवा. यादी त्याच रात्री वहीत लिहून ठेवली तर पाठवायला दहा मिनिटं लागतात.